प्रस्तावना : झोप येऊ द्यावी लागते

डिसेंबर-जानेवारीत जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाच्या शिवारात मध्यरात्रीनंतर नजर टाका, बॅटऱ्यांचे उजेड इकडून तिकडे फिरताना दिसतील. शेतीपंपाची लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी आलटून-पालटून येते. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला घरातला कर्ता माणूस कानटोपी घालून निघतो. मोटर चालू करायची, एक वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचे, तुषारचे पाईप चिखलातून उचलून पुढे लावायचे, साप-विंचवावर नजर ठेवायची. मध्येच लाईट गेली तर ती परत येईपर्यंत बांधावर बसून राहायचे. पहाटे हा माणूस अंथरुणाला पाठ टेकतो तेव्हा घर उठायला लागलेले असते.

त्याच वेळी जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या भट्ट्या पेटलेल्या असतात. रात्रीच्या विजेला दरात सवलत असायची, म्हणून लोखंड वितळवण्याचे आणि सळया ओढण्याचे काम वर्षानुवर्षे रात्रीच जोरात चालत आले. अंबड-घनसावंगीकडे उसाच्या फडात तोडणी कामगारांना मध्यरात्री गाडी भरायला उठावे लागते. मक्याच्या राखणीला माळ्यावर जागल असते, कारण रानडुकरे आणि रोही रात्रीच येतात. रेशीमशेती करणाऱ्या घरात अळ्या शेवटच्या अवस्थेत आल्या की त्यांना रात्रीही तुतीचा पाला लागतो. समृद्धी महामार्गावर नागपूरहून निघालेला ट्रकचालक पहाटेच्या सुमाराला जालन्याजवळ येतो आणि नेमक्या त्याच वेळी त्याचे डोळे मिटू पाहतात.

ही झाली झोप मिळू न शकणारी माणसे. दुसरीही आहेत. त्यांना अंथरूण आहे, अंधार आहे, सकाळपर्यंतचा वेळ आहे. पण डोळ्याला डोळा लागत नाही. कूस बदलून बदलून रात्र सरते, पहाटे जरा डुलकी लागते आणि दिवसभर डोके जड राहते. निद्रानाश म्हणतात तो हा. वैद्यकशास्त्राच्या हिशेबाने झोपेची पुरेशी संधी असूनही आठवड्यातल्या किमान तीन रात्री झोप लागत नसेल, मोडत असेल किंवा फार लवकर उघडत असेल, त्याचा त्रास दिवसा होत असेल आणि हे तीन महिने चालले असेल, तर तो जुनाट निद्रानाश. एखाद-दुसरी रात्र जागून काढावी लागली म्हणून कुणी आजारी ठरत नाही.

हे पुस्तक मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या माणसांसाठी आहे. पण पहिल्या प्रकाराकडे पाठ फिरवून ते लिहिता आले नसते, कारण आपल्या भागात पहिल्यातूनच दुसरा जन्मतो. हंगामभर रात्रीची पाळी केलेल्या माणसाची पाळी संपते, तरी झोप जागेवर येत नाही. झोप विस्कटते कामामुळे, काळजीमुळे, आजारामुळे किंवा उन्हाळ्यामुळे. आणि ती विस्कटलेलीच राहते ती आपण घाबरून केलेल्या उपायांमुळे. या सगळ्या विषयाचे मर्म मला एका वाक्यात सांगता येईल : झोप आणता येत नाही, येऊ द्यावी लागते. तिच्या वाटेतले अडथळे दूर करणे एवढेच माणसाच्या हाती असते. तिच्यासाठी जितका आटापिटा करावा तितकी ती लांब जाते. हे जुन्या वैद्यांना ठाऊक होते, योग्यांना ठाऊक होते आणि गेल्या पन्नास वर्षांतल्या मानसशास्त्रज्ञांनी ते प्रयोगांनी पडताळून दाखवले आहे.

झोपेकडे बारकाईने पाहण्याची परंपरा आपल्या मातीतच आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या अठराव्या दशकात निद्रानिरूपणाचा एक अख्खा समास घातला आहे. श्रवणाला बसलेल्या मंडळींना जांभया कशा येतात, कोण कसा कलंडतो, कोण घोरतो, कोण झोपेत हातपाय झाडतो, कोणाचे दात करकर वाजतात, कोण उठून चालायला लागतो, हे त्यांनी एखाद्या प्रयोगशाळेतल्या निरीक्षकासारखे टिपले आहे. दात खाणे, हातपाय झाडणे, झोपेत चालणे या गोष्टींची आज निद्रारोगांच्या दवाखान्यात नोंद होते. समर्थांनी ती सभामंडपात केली. रात्रभर कीर्तन-जागराची सवय असलेल्या समाजात झोप किती प्रबळ असते, हे त्यांनी रोज पाहिलेले होते.

त्याच्या कितीतरी आधी आयुर्वेदाने झोपेला शरीराच्या तीन आधारांत स्थान दिले. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे चरकाचे तीन उपस्तंभ. सुख-दुःख, पुष्टी-कृशता, बळ-दुर्बळता, एवढेच काय, ज्ञान आणि जीवितसुद्धा झोपेवर अवलंबून असते, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय सांगतो. तिथेच झोप उडण्याची कारणे आहेत आणि ती परत येण्याचे उपायही. अभ्यंग, उटणे, स्नान, दूध, तूप, दहीभात, अंग चेपून घेणे, मनाला रुचणारे गंध आणि आवाज, मऊ अंथरूण, सुखाचे घर आणि ठरलेली वेळ. या यादीकडे नीट पाहिले तर औषधी वनस्पती तिच्यात शोधाव्या लागतात. भर सगळा शरीर सैलावण्यावर, मन निवण्यावर आणि नियमावर आहे. झोप आणणाऱ्या द्रव्यांत म्हशीच्या दुधाला चरकाने पहिला मान दिला, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ग्रंथ न वाचताही माहीत असते.

वाग्भटाचा एक नियम तर आजच्या रातपाळीवाल्याने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. रात्री जागरण झाले असेल तर जेवढा वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी, जेवणाआधी झोपून घ्यावे, असे ‘अष्टांगहृदय’ सांगते. दिवसा झोपण्याला आयुर्वेदाचा एरवी विरोध. पण थकलेल्यांना, म्हाताऱ्यांना, मुलांना, जागरण केलेल्यांना आणि सर्वांनाच उन्हाळ्यात त्याने मोकळीक दिली. नियम करणाऱ्यांना माणसाची परिस्थिती दिसत होती, हे यातून कळते.

या परंपरेतला जो उपाय आपल्या घरोघर टिकला तो काशाच्या वाटीचा. निजायच्या आधी पाय धुवून पुसायचे, तळव्याला थोडे तूप किंवा तेल लावायचे आणि वाटीच्या बुडाने टाचेपासून बोटांकडे हलक्या हाताने घासत राहायचे. थोड्या वेळाने तळव्यावरचे तेल काळपट दिसते. शरीरातली उष्णता बाहेर पडली असे जुनी माणसे म्हणतात; प्रत्यक्षात काशातल्या धातूची तेलाशी आणि घामाशी होणारी क्रिया त्या रंगामागे असते. पण म्हणून उपाय खोटा ठरत नाही. लयबद्ध स्पर्श, ऊब, दिवा मंद केलेली खोली आणि आपल्यासाठी कुणीतरी घेतलेला वेळ, या चार गोष्टी एकत्र आल्यावर शरीराला निजायची वेळ झाल्याचे कळते. पाय उबदार झाले की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीराच्या आतले तापमान उतरायला मदत होते. झोप लागण्यासाठी ते उतरावेच लागते. निजण्यापूर्वी एक-दोन तास आधी कोमट पाण्याने अंघोळ केली तर झोप लवकर लागते, असे आजच्या अभ्यासांतही दिसले आहे, त्यामागचे कारण हेच.

योगाची वाट थोडी निराळी. पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या हठयोगप्रदीपिकेत शवासन थकवा घालवणारे आणि चित्ताला विसावा देणारे म्हणून येते. या आसनाला प्रयोगशाळेत नेण्याचे काम महाराष्ट्रात झाले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनपर नियतकालिक सुरू केले. पुढे १९६९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवासनाचा रक्तदाबावर होणारा परिणाम वैद्यकीय नियतकालिकात मांडला. बिहारमधल्या मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी शरीरभर मन फिरवत नेण्याच्या जुन्या न्यासपद्धतीतून योगनिद्रेची आजची रीत घडवली. पश्चिमेत शिकागोच्या एडमंड जेकबसनने स्नायू आळीपाळीने आवळून सैल सोडण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केली, ती या वाटेचे सख्खे भावंड वाटते. या सर्वांचा उद्देश जागेपणी विश्रांती घ्यायला शिकणे हा आहे. झोप त्यानंतर आली तर आली. ती न आल्याची भीती कमी होणे हाच त्यांचा मोठा फायदा.

तिसरा प्रवाह निसर्गोपचाराचा. माती, पाणी, ऊन, हवा आणि आकाश यांवर विश्वास ठेवणारा हा विचार युरोपातून आला आणि गांधीजींनी त्याला इथले रूप दिले. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात ते राहिले आणि १९४६ मध्ये त्यांनी उरुळी कांचनला ग्रामीण जनतेसाठी निसर्गोपचाराचे काम सुरू केले. ‘आरोग्याची गुरुकिल्ली’मध्ये त्यांनी उघड्या आकाशाखाली निजण्याचा आग्रह धरला. मराठवाड्याला हे सांगायची गरज नव्हती. माळवदावर, अंगणात बाज टाकून निजणे ही इथली उन्हाळ्याची रीतच होती. जाड मातीच्या भिंती आणि मातीचे माळवद दिवसाचे ऊन अडवत आणि रात्री माणूस वर जाऊन निजे. आता पत्र्याची आणि स्लॅबची घरे झाली. ती दिवसभर तापतात आणि मध्यरात्रीपर्यंत ती आग आत सोडत राहतात. डास वाढले, चोरीची भीती वाढली, बायका-मुलींना बाहेर निजणे अवघड झाले. घर बदलल्याने झोप कशी बदलली, याकडे आरोग्याच्या पुस्तकांनी फारसे लक्ष दिलेले नाही.

आधुनिक निद्राविज्ञानाची सुरुवात एका लाजाळूसारख्या झाडापासून सांगतात. १७२९ मध्ये फ्रान्सच्या द मेराँ यांनी पाने मिटणारे झाड अंधारात ठेवले, तरी ते आपल्या वेळेला पाने उघडत-मिटत राहिले. सजीवाच्या आत घड्याळ असते याचा हा पहिला पुरावा. जर्मनीत हान्स बर्गरने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींची पहिली नोंद केली. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी मिटल्या पापण्यांआड डोळे वेगाने फिरतात तो झोपेचा टप्पा शोधला आणि झोप म्हणजे नुसता बंद पडलेला मेंदू नव्हे, हे सिद्ध झाले. पेशींतले हे घड्याळ कोणत्या जनुकांवर चालते, ते उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले.

या सगळ्या शोधांतून सामान्य वाचकाला उपयोगी पडणारी चौकट स्वित्झर्लंडच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडली. झोप दोन गोष्टींवर ठरते. एक, जागेपणी साठत जाणारी झोपेची भूक. दुसरी, शरीरातले घड्याळ. दिवसभर येता-जाता चरत राहिलेल्या माणसाला रात्री ताटावर भूक नसते, तसेच दुपारी लांब झोप काढणाऱ्याचे रात्री होते. ही भूक मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठल्याने वाढते आणि चहा-कॉफीतले कॅफीन नेमके त्याचेच काम अडवते. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे दिवेलागणीचा कडक चहा निजेपर्यंत आपले काम करीत असतो. घड्याळाला वेळ लावून देतो तो उजेड, विशेषतः सकाळचा. पहाटे शेतात जाणाऱ्याला तो फुकट मिळतो. दुकानात, कारखान्यात, अभ्यासिकेत बसणाऱ्याला तो मुद्दाम घ्यावा लागतो.

दरम्यान गोळ्यांचे युग येऊन गेले, किंवा खरे तर आले आणि राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी बार्बिट्युरेट गटातली औषधे, १९६० पासून बेन्झोडायझेपाइन गट आणि पुढे झोलपिडेम. आपल्याकडेही एका औषधाचा मोठा इतिहास आहे. सर्पगंधा ही वनस्पती उन्मादावर आणि झोपेसाठी पूर्वापार वापरात होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याबद्दल लिहिले आणि १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या लेखाने रक्तदाबावरचे औषध म्हणून ती जगापुढे आली. तिच्यातल्या रेसर्पिनमुळे मन खिन्न होऊ शकते, हेही पुढे ध्यानात आले. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असे समजणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास लक्षात ठेवावा.

झोपेच्या गोळीला मी शत्रू मानत नाही. तीव्र दुःखात, शस्त्रक्रियेनंतर, मानसिक आजारात डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्या दिवसांसाठी ती आधार देते. घात होतो तो एका चिठ्ठीवर वर्षभर गोळी घेत राहण्याने. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोलपिडेम ही औषधे २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची नोंद ठेवावी लागते. सवय लागल्यावर बेन्झोडायझेपाइन गटाची गोळी एकाएकी थांबवली तर झोप आणखी उडते, हातपाय थरथरतात, झटकेसुद्धा येऊ शकतात. म्हणून हे पुस्तक वाचून कुणीही आपली गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ती हळूहळू उतरवायची असते आणि तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

औषधाविना निद्रानाश बरा करण्याची आज सर्वांत भरवशाची पद्धत मानसशास्त्रातून आली. १९७२ मध्ये रिचर्ड बुटझिन यांनी सांगितले, अंथरूण झोपेसाठीच ठेवा. झोप येत नसेल तर उठा, दुसरीकडे बसा, डोळे जड झाले की परत या. १९८७ मध्ये आर्थर स्पीलमन यांनी अंथरुणातला वेळ प्रत्यक्ष झोपेइतका कमी करून, झोप सलग होत जाईल तसा तो वाढवण्याची रीत मांडली. यांना विचारांच्या आणि भीतीच्या बदलाची जोड देऊन जी उपचारपद्धती तयार झाली, तिला निद्रानाशासाठीची बोधात्मक-वर्तनात्मक उपचारपद्धती म्हणतात. जुनाट निद्रानाशावर प्रौढांना गोळीआधी हीच द्यावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये केली.

स्पीलमन यांनी निद्रानाशाची तीन कारणे वेगळी केली : मुळातला कल, निमित्त आणि त्याला खतपाणी घालणाऱ्या सवयी. हे आपल्या मातीत कसे दिसते ते पाहू. समजा, मंठा तालुक्यातला एक शेतकरी आहे. स्वभाव आधीपासून काळजीखोर. परतीच्या पावसाने वेचणीला आलेला कापूस भिजला, उसनवारीचे पैसे तसेच राहिले आणि झोप उडाली. इथवर कुणाचीही उडाली असती. पण मग तो झोप भरून काढायला आठलाच अंथरुणावर जाऊ लागला. झोप येईना म्हणून उशाला मोबाइल आला. रात्री दोनदा उठून तंबाखू मळणे आले. तंबाखूतले निकोटीन मेंदूला जागे ठेवते. दिवसा डोके जड म्हणून चहा वाढला आणि दुपारी पारावर लांब झोप सुरू झाली. कधीमधी झोपेसाठी दारू. तिने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. पुढच्या वर्षी पीक चांगले आले, पैसे फिटले, तरी अंथरूण पाहिले की त्याच्या छातीत धडधडते. निमित्त संपले आणि सवयी उरल्या. त्याला जायफळ-दूध देऊन किंवा कर्जमाफीची बातमी सांगून आता भागणार नाही. त्याला रोज ठरल्या वेळी उठावे लागेल, अंथरुणातला वेळ आवळावा लागेल आणि आजची रात्र वाईट गेली तरी उद्याचा दिवस निभावतो, हा अनुभव पुन्हा मिळवावा लागेल.

इथे चारही प्रवाह एकमेकांना भेटतात. चरकाची ठरलेली वेळ, योगाची विनाआग्रह विश्रांती, निसर्गोपचाराचे ऊन-हवा-श्रम आणि बुटझिन-स्पीलमनची शिस्त यांचा गाभा एकच आहे. मतभेदही आहेत आणि ते झाकून चालणार नाही. आयुर्वेद माणसाच्या प्रकृतीप्रमाणे उपाय बदलतो. आधुनिक विज्ञान आधी शेकडो लोकांवर पडताळा मागते. त्या कसोटीवर वनस्पतींचा पुरावा अजून तोकडा आहे. अश्वगंधेवर लहान लहान चाचण्या झाल्या आणि काहींत झोप थोडी सुधारलेली दिसली. पण गरोदरपणात ती टाळावी, थायरॉइड किंवा यकृताचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. जायफळ चिमूटभर ठीक, जास्त झाले तर विष होते. दुधाचा कप निजण्याचा रिवाज म्हणून उत्तम, औषध म्हणून त्याच्याकडून फार अपेक्षा नको.

जुन्या काळी सगळे शांत झोपत होते, हा समजही तपासून घ्यायला हवा. युरोपात पूर्वी लोक रात्रीत दोन तुकड्यांनी झोपत, मध्ये उठून बसत, असे इतिहासकार रॉजर एकर्च यांनी दाखवले. उलट २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या विजेविना राहणाऱ्या समाजांत झोप बहुधा सलग आणि सहा-सात तासांचीच आढळली. निद्रानाशाची तक्रार मात्र त्यांच्यात फार थोडी होती. दोन्हींतून दिलासा एकच : आठ तासांचा आकडा पुरा झाला नाही किंवा मध्यरात्री एकदा जाग आली, म्हणजे काही बिघडले असे नाही. बहुतेक प्रौढांना सात तासांच्या आसपास झोप लागते, वय वाढते तशी ती हलकी होते, लवकर उघडते.

मग हे पुस्तक आत्ताच का? मराठवाड्यातली शेती अनिश्चित झाली आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, वर्षानुवर्षे पोसलेली झाडे तोडून जळणाला गेली. त्या काळजीने गेलेली झोप अनेक घरांत पुरती परतली नाही. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाल्यावर पेंगुळलेल्या चालकाचा धोका आपल्या दारात आला. सरळ, लांबलचक रस्त्यावर पहाटेच्या वेळी, शरीराचे तापमान सर्वांत खाली असताना, डोळे उघडे असूनही मेंदू झोपू शकतो. मोबाइल प्रत्येक उशाशी आहे. पोलीस भरतीची, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले झोप कमी करणे हा मेहनतीचा पुरावा समजतात, आणि वाचलेले स्मरणात पक्के होते ते झोपेत, हे त्यांना कुणी सांगत नाही.

शिवाय झोप उडणे ही पुष्कळदा पहिली सूचना असते. सलग काही आठवडे पहाटे तीन-चारला जाग येणे, जेवणावरची वासना जाणे, बोलणे कमी होणे, मन मरून जाणे, ही नैराश्याची चिन्हे आहेत. ज्या मुलखाने इतक्या शेतकरी आत्महत्या पाहिल्या, तिथे या सूचनेकडे दुर्लक्ष परवडणारे नाही. घरातल्यांनी अशा वेळी दूध-तुपावर थांबू नये. जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जावे किंवा १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करावा. तो फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. जोरात घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे, रात्री पायांत वळवळ होऊन ते हलवल्याशिवाय चैन न पडणे (रक्तात लोह कमी असलेल्या बायकांत हे बरेच दिसते), मधुमेहामुळे लघवीला वारंवार उठणे, दमा, थायरॉइड, यांवरही आधी तपासणी हवी. अंथरुणातला वेळ आवळण्याची रीत फेफरे येणाऱ्यांनी, द्विध्रुवी मनोविकार असलेल्यांनी आणि गाडी किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे, ते सांगून ही प्रस्तावना आवरती घेतो. ते कुठल्याही एका पंथाचे नाही. प्रत्येक उपाय तीन प्रश्न विचारून पुढे ठेवला आहे : त्याने अपाय होतो का, त्याचा पडताळा किती, आणि तो आपल्याकडच्या माणसाला करता येतो का. वातानुकूलित खोलीत निजा, हा सल्ला पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला देऊन उपयोग नाही. त्याला पत्र्यावर पांढरा चुना देणे, जमेल तिथे संध्याकाळी अंगणात आणि छतावर पाणी शिंपडणे, समोरासमोरच्या खिडक्या उघडणे, मच्छरदाणी लावून बाहेर निजणे हे सांगायला हवे. पिण्याच्या पाण्याचीच वाट पाहावी लागते अशा गावात शिंपडण्याचा सल्लाही विचार करूनच द्यायला हवा, याची जाणीव ठेवली आहे. रातपाळीवाल्या कामगारासाठी, बाळंतिणीसाठी, म्हाताऱ्यांसाठी, परीक्षेच्या मुलांसाठी आणि रात्री पाणी देणाऱ्या शेतकऱ्यासाठी उपाय वेगवेगळे आहेत, कारण त्यांची रात्र वेगवेगळी आहे.

आणि सगळा भार एकट्या झोपणाऱ्यावर टाकायचा नाही, हेही ठरवले आहे. शेतीपंपाला दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. या योजनेकडे मी आरोग्याची योजना म्हणूनही पाहतो. ज्या फीडरवर दिवसाची वीज खरोखर पोचते तिथल्या घरांत झोप परतायला जागा मिळते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला २००० सालच्या नियमांनी बंदी आहे. ती पाळली गेली तर कित्येक म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना वेगळ्या औषधाची गरज पडणार नाही. पाळ्या ठरवताना कामगाराला सलग विश्रांती देणे, महामार्गावर ट्रकचालकांसाठी सुरक्षित थांबे असणे, या गोष्टी ग्रामसभेत, कामगार संघटनेत, लोकप्रतिनिधींपुढे मागायच्या आहेत. झोप ही चैन नाही. ती अन्न-पाण्याइतकी गरजेची आहे आणि तिच्यावर प्रत्येकाचा हक्क आहे.

वाचकाला एकच विनंती. सगळे उपाय एकदम करू नका. आधी आठ-दहा दिवस एका वहीत रोज सकाळी लिहा : किती वाजता आडवे झालात, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा उठलात, कधी उठून बसलात, दिवसा किती झोपलात, चहा-तंबाखू किती झाला. रात्री घड्याळ पाहू नका, अंदाज पुरे. मग उठण्याची एक वेळ ठरवा आणि रात्र कशीही गेली तरी ती पाळा, उठल्यावर उजेडात जा. पहिले काही दिवस जड जातील. दोन-तीन आठवड्यांनी वहीची पहिली आणि शेवटची पाने शेजारी ठेवा. काय बदलले ते तुमच्याच अक्षरात दिसेल आणि या पुस्तकातले पुढचे कोणते पान उघडायचे तेही कळेल.